अर्ध्या भुलीची माणसं

दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या बायका खडूस असतात, असं लोक म्हणतात. माझ्याबाबतीत ते खरं आहे, त्यामुळे मी कधी वाद घालायला गेले नाही. पण समोरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जी बसते ती इतकी गोड बोलते, की चष्मा तयार असला तरी लोक उद्या पुन्हा येतो म्हणतात. तिलाही मागे खडूसच म्हणतात. त्या टेबलामागे बसलं की संपलं.

हा दातांचा दवाखाना माझ्या भाऊजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, एक लांब बाक आणि भिंतीवर टकटक करणारं घड्याळ. आतल्या खोलीत खुर्ची, तिच्यावर मोठा दिवा, शेजारी हात धुवायचं बेसिन. मधलं दार फुगलंय, ते कधीच पुरतं लागत नाही. त्यामुळे आत काय चाललंय ते मला कान न देताही ऐकू येतं.

भाऊजींचा हात हलका. तोंडात हात कधी गेला आणि कधी आला हे माणसाला कळत नाही, असं लोक सांगतात, आणि ते उगाच नाही. त्यांची एकच खोड. पेशंट आत जायच्या आधी त्यांना एक गोष्ट माहीत असायला लागते, आणि ती म्हणजे त्याचं नाव नव्हे.

"काय करतात गं हे?" आतून आवाज येतो.

"शिंपी," मी म्हणते.

"मग अर्धी."

अर्धी म्हणजे भुलीच्या औषधाची अर्धी कुपी. पूर्ण कुपी दिली तर तोंड कितीतरी वेळ बधिर राहतं, माणूस स्वतःचाच गाल चावून ठेवतो, चहा ओठांवरून सांडतो, दुपारचं काम बुडतं. ज्याला गरज नाही त्याला हा जाच कशाला, असं भाऊजींचं म्हणणं. त्यात कंजूषपणा नव्हता हे मी शपथेवर सांगेन. त्यांना ते पेशंटच्या भल्याचं वाटायचं.

आता गरज कुणाला आणि कुणाला नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षं बघून ठरवलेलं. पोलिसांना पूर्ण, वर थोडी जास्तच, कारण पोलीस ओरडतात. शिक्षकांना पूर्ण, कारण त्यांना दुसऱ्याचं मुकाट्याने ऐकायची सवय नसते. गाणाऱ्यांना पूर्ण. कचेरीत बसणाऱ्यांना पूर्ण. शिंप्यांना अर्धी, त्यांना सुईचं काय. स्वयंपाक्यांना अर्धी, कारण ते तापलेली भांडी हाताने उतरवतात. गवंडी, हमाल, भट्टीवर काम करणारे, सगळे अर्धे. आणि बाळंतपण झालेल्या बायका अर्ध्या. "ज्यांनी ते सोसलं, त्यांना दाढेचं काय कौतुक," असं भाऊजी म्हणत.

मी लग्न केलं नाही. त्यामुळे माझी दाढ काढली तेव्हा मला पूर्ण कुपी मिळाली. लग्न न केल्याचे जे काही फायदे मी आजवर मोजले, त्यात हा एक आहे. माझ्या बहिणीला मात्र मूल झालेलं. तिचा दात दुखायला लागला की तिला अचानक माहेरची ओढ लागते. चार दिवस राहून येते आणि येते ती दातात नवी चांदी भरून. भाऊजींना वाटतं, हिचे दात मुळातच चांगले.

आतल्या भिंतीवर पाटी आहे: दुखल्यास डावा हात वर करावा. भाऊजी ती प्रत्येकाला दाखवतात. पण अर्ध्यावाल्यांना दाखवताना वर एक वाक्य जोडतात. "तुम्हाला तशी गरज पडणार नाही म्हणा. तुम्ही लोक लोखंडाचे." मग तो माणूस खुर्चीत पडल्या पडल्या हसतो. आणि खरोखरच हात वर होत नाही. आमची मदतनीस रजेवर असली की लाळ ओढायची नळी धरायला मी आत जायचे, तेव्हा मी डोळ्यांनी बघितलंय. डावा हात पोटावर नाहीतर मांडीवर, गप्प पडलेला. तोंडातून हूं की चूं नाही. काम झालं की भाऊजी हात पुसत माझ्या टेबलाशी यायचे.

"बघितलंस? एकही हात वर नाही. माणसं ओळखता आली पाहिजेत."

मला पटायचं. रोज समोर दिसत असेल तर कुणालाही पटेल.

दवाखान्यात कटकट एकच होती, आणि ती खुर्चीच्या उजव्या हाताची. त्यावरचं रेक्झिन फाटायचं. वरून नाही, खालच्या बाजूने. बघता बघता आतला पिवळा फोम बाहेर लोंबायला लागायचा. मी गादीवाल्याला बोलवायचे, तो नवीन चढवून जायचा, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. भाऊजी म्हणाले, रेक्झिनवाले सगळे चोर. दुकान बदललं. तरी फाटलं. मग म्हणाले, लहान मुलांचं काम, मुलांचे हात कधी स्वस्थ नसतात. डाव्या हातावरचं रेक्झिन मात्र खुर्ची आली तेव्हाचं होतं तसंच होतं, आणि मुलांनी एकाच हाताशी काय वैर धरावं, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. उजव्या हातावर अवजारांचा ट्रे फिरून येतो. काम चालू असताना तो हात डॉक्टरला दिसतच नाही.

भाऊजींच्या हाताला हल्ली कंप सुटला होता. चहाचा कप धरताना कळायचं नाही, पण बारीक काम करताना त्यांना स्वतःला कळायचं. दाताच्या डॉक्टरला तेवढं पुरतं. वर्ष संपलं की खुर्ची मुलीच्या हवाली करायची असं त्यांनी ठरवून टाकलं.

ही माझी भाची. घरात तिला छोटी म्हणतात, आणि डॉक्टर झाली तरी ते काही सुटलं नाही. पेशंटसुद्धा तिला छोट्या डॉक्टर म्हणायला लागले. आल्या आल्या तिने सगळ्यांना पूर्ण कुपी द्यायला सुरुवात केली. शिंपी असो की पोलीस.

"बाबा, माणसाचा धंदा दाताच्या मुळापर्यंत उतरत नाही," ती म्हणाली.

"हे तुझ्या पुस्तकातलं झालं," भाऊजी म्हणाले. "पुस्तकात एकच माणूस असतो, तो सगळ्यांसारखा. आपल्या बाकावर तसा कुणी येऊन बसलेला मी तरी बघितला नाही."

महिनाभर दोघं आपापल्या म्हणण्याला चिकटून होती. जेवताना ताई वैतागायची, की माझ्या ताटाशी दाढा काढू नका. मी कुणाचीच बाजू घेतली नाही, पण मनातून मला भाऊजींचं खरं वाटत होतं.

शेवटी छोटीला हरवलं ते भाऊजींनी नाही, पेशंटांनीच. एक गवंडी आला. तिने सुई भरली तशी तो उठूनच बसला. "एवढी? मोठे डॉक्टर मला अर्धीच देतात. मी काय आजारी आहे?" एक बाई म्हणाली, "मला तीन मुलं आहेत, छोट्या डॉक्टर. मला पूर्ण देताय हे घरी कळलं तर सासू काय म्हणेल?" अर्धी कुपी म्हणजे त्यांना मान वाटायचा, आणि तो काढून घेणारी ही कालची पोर कोण? तिने एकदोघांना अर्धी देऊन बघितली. हात वर झाला नाही. मग आणखी काहींना दिली. तरी नाही. हळूहळू आतून दुसराच आवाज यायला लागला.

"मावशी, काय करतात हे?"

नवीन माणूस जास्त कडक असतो. बापापेक्षा हिचे नियम वाढले. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांना पूर्ण, आणि आधी समजूत घालायची. ड्रायव्हरांना अर्धी. खेळाडूंना अर्धी, पण बक्षिसं मिळालेले असतील तर पूर्ण. भाऊजींना काय आनंद झाला म्हणून सांगू. मुलगी खुर्चीच नाही, डोकंही घेऊन पुढे जाणार, हे त्यांना कुणीतरी पदक दिल्यासारखं वाटलं.

आणि मग त्यांनी बिस्किट खाल्लं. ताई रोज सांगते, चहात बुडवून खा. त्यांनी बुडवलं नाही आणि मागच्या दाढेचा तुकडा पडला. उरलेली दाढ दोन दिवसांत इतकी ठणकायला लागली की काढण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

त्या दिवशी मदतनीस बाईचं मूल आजारी, म्हणून नळी धरायला मी. बाहेर बाकावर गोदामातला हमाल बसला होता, गाल सुजवून. भाऊजी त्याला पैलवान म्हणतात, त्यामुळे सगळेच म्हणतात. त्याने उभ्या आयुष्यात आखाडा बघितला नसेल. धान्याची पोती वाहून वाहून मान आणि खांदा एकच झालेत, एवढंच. त्याच्या आधीच्या दाढा भाऊजींनीच काढलेल्या, आणि हा तर त्यांचा पेटंट दाखला होता. "आमचा पैलवान बघा. हूं नाही की चूं नाही."

"पैलवान, थोडं बसा. आधी माझं आटोपू दे," म्हणत भाऊजी आत गेले आणि स्वतःच्या खुर्चीत पेशंट म्हणून आडवे झाले.

छोटीने सुई भरली. मी बघितलं, अर्धीच.

"अर्धी?" भाऊजी म्हणाले.

"दातांच्या डॉक्टरांना अर्धी पुरते, बाबा. पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक असतं. दुखणं निम्मं भीतीचं असतं आणि भीती माहीत नसण्याची असते. तुमचंच वाक्य आहे."

ते हसले. पोरीने त्यांना लोखंडाच्या माणसांत नेऊन बसवलं होतं, आणि त्यांना ते आवडलं. "बरोबर आहे," म्हणाले. "दे अर्धीच."

दाढ सरळ निघाली नाही. मुळाशी वाकडी होती, तिचे दोन तुकडे करावे लागले. छोटीचाही हात चांगला आहे, तिच्याकडून काही चुकलं नाही. मी डाव्या बाजूला नळी धरून उभी होते. भाऊजींचा डावा हात पोटावर होता, अगदी पाटीवर काढावा असा निवांत. पण या वेळी नळी नीट धरायला मी खाली वाकले आणि पहिल्यांदाच मला ट्रेखालचं दिसलं. उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हाताला खालून अशी रुतली होती की पेरं पांढरी पडली होती. पायमोज्यांत अंगठे वळले होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं.

"बाबा, ठीक ना?"

"अं," भाऊजी म्हणाले.

"दिवा डोळ्यांवर येतोय का?"

"अं."

डावा हात जागचा हलला नाही. मला वाटलं, आता उचलतील, आता उचलतील. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी नजर दिव्याकडे वळवली.

झालं एकदाचं. छोटीने खड्ड्यावर कापूस ठेवला, चावून धरायला सांगितलं आणि ट्रे बाजूला केला.

"दुखलं?"

भाऊजींनी मान हलवली. नाही.

"बघ मावशी," छोटी हात पुसत म्हणाली. तिचा चेहरा इतका खूश होता की थेट बापाचा वाटला.

भाऊजी उठले, पण उजवा हात काढला नाही. बोटं तिथेच ठेवून खाली वाकले आणि खुर्चीच्या हाताखाली बघायला लागले. मीही वाकले. रेक्झिनमध्ये नखांच्या खुणा होत्या, अर्धचंद्रासारख्या. काही बारीक, काही रुंद, काही एकमेकांवर. चार भोकं जरा मोठी होती आणि भाऊजींची चार बोटं त्यांत बरोबर बसली होती. ही भोकं आजची नव्हती.

"चक्कर येतेय का?" छोटीने विचारलं.

त्यांनी पुन्हा मान हलवली, बाहेर आले आणि बाकावर पैलवानाशेजारी बसले. पैलवानाने सरकून जागा केली.

"तुम्हाला काय दुखणार म्हणा, डॉक्टर," सुजल्या गालाने तो हसला. "तुम्ही दातवाले."

भाऊजींच्या तोंडात कापूस होता. ते पैलवानाच्या उजव्या हाताकडे बघत होते. पोत्याचा हूक धरून धरून त्या हाताची नखं जाड आणि रुंद झालेली.

"या पैलवान," आतून छोटी म्हणाली. तो आत गेला. मीही नळी धरायला गेले.

"अर्धीच ना?"

"अर्धीच," पैलवान म्हणाला.

"दुखलं तर डावा हात वर करायचा. तुम्हाला तशी गरज पडणार नाही म्हणा."

तेवढ्यात दार करकरलं. दारात भाऊजी उभे होते. त्यांनी डावा हात वर केला होता.

"काय हवंय, बाबा? पाणी?"

हात वरच.

"आत्ता दुखतंय?"

मानेने नाही. मग त्यांनी त्याच हाताने खुर्चीकडे बोट दाखवलं, गालाकडे दाखवलं, आणि हात पुन्हा वर केला, पाटीवर लिहिलंय तसा.

"तेव्हा दुखलं?"

हो.

"मग तेव्हाच हात का नाही..." छोटी बोलता बोलता थांबली. तिने सुईकडे बघितलं. मला भाऊजींची दया आली आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदमच. एवढा शिकलेला माणूस, पाटी स्वतः लावलेली, आणि पोरीने लोखंडाचा म्हटलं म्हणून जीव जाईपर्यंत गप्प.

छोटीने कुपी उचलली आणि सुई पूर्ण भरली. पैलवान उठून बसला.

"एवढी? मी काय कारकून आहे?"

भाऊजी पुढे आले. ट्रे ढकलून त्यांनी पैलवानाचा उजवा हात धरला आणि खुर्चीच्या हाताखाली नेऊन ठेवला. कुठे ठेवायचा ते शोधावं लागलं नाही, बोटं आपोआप जाऊन बसली. चोरी पकडल्यासारखा पैलवानाचा चेहरा झाला.

"गादीवाला माझ्या ओळखीचा आहे," तो खाली बघत म्हणाला. "मी सांगतो त्याला. नवीन लावून देईल."

"मागच्या वेळी दुखलं होतं तुम्हाला?" छोटीने विचारलं.

त्याने बोटं खुर्चीच्या हाताखालून काढून घेतली.

"दरवेळी," तो म्हणाला.

"मग सांगायचं नाही?"

"डॉक्टर म्हणायचे, तुम्हा लोकांना दुखत नाही. मला तर दुखायचं. म्हटलं, आपल्यातच काहीतरी कमी आहे." त्याने माझ्याकडे बघितलं, बहुधा मी वयाने मोठी म्हणून. "बाहेर बोलू नका, मावशी. गोदामात कळलं तर हसतील मला. तिथले सगळे अर्धीवाले आहेत."

भाऊजींनी तोंडातला कापूस काढला. "म्हणजे हे हमाल लोक मुळातच सांगत..."

"बाबा," छोटी म्हणाली, "कापूस."

त्यांनी कापूस मुकाट परत ठेवला.

तिने पूर्ण भूल दिली. मग थांबली, ओठ बधिर झाला का विचारलं, पुन्हा थांबली. कधी नव्हे ते तिने त्याला विचारलं, की पोती किती मजले चढवता, घरी कोण कोण आहे. तो एकेक सांगत होता. पैलवान म्हणणं तिने मधेच कधीतरी सोडलं आणि काका म्हणायला लागली. मग त्याने डोळे घट्ट मिटले. बोटं सवयीने खुर्चीच्या हाताखाली गेली आणि रुतली. छोटीने दात काढायचा चिमटा हातात घेतला. मी त्या हाताकडेच बघत होते. थोड्या वेळाने बोटं सैल पडली आणि हात वर येऊन नुसता पडून राहिला.

दाढ ट्रेमध्ये पडली तेव्हा टिंग असा आवाज झाला. पैलवानाने एक डोळा उघडला.

"कधी घेणार काढायला?"

"झालं, काका," छोटी म्हणाली.

त्याने ट्रेकडे बघितलं. दाढेकडे बघितलं. मग मान वळवून दाराकडे, भाऊजींकडे.

"इतकंच असतं?" त्याने विचारलं.

यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. भाऊजी तिथेच उभे होते, तोंडात कापूस होता, न बोलायला सबब होती. त्यांनी कापूस काढला.

"हो," ते म्हणाले. "इतकंच असतं."